पट्टा चाकावर राहावा म्हणून

बालाघाट,
दि. ३ ऑगस्ट २०२५

ती. सौ. पुष्पलताताईस,
हिरालालचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

फोनच केला असता, पण तुला ऐकू जात नाही. मग भाऊजी मधे उभे राहून माझं एकेक वाक्य तुझ्या कानाशी ओरडतात आणि तुझ्याआधी शेजारणींना बातमी कळते. म्हणून पत्र. इकडे सर्व ठीक. पावसाने गीताचे गुडघे दुखतात, पण माझ्यावर चिडण्याची ताकद शाबूत आहे.

चिडण्याचं कारण सांगतो. जन्मभर सिंचाई विभागात मी कालव्यांचे नकाशे काढले. रेघा मी ओढल्या, बांधलं दुसऱ्यांनी. निवृत्त झालो तेव्हाच ठरवलं होतं की आता एक तरी वस्तू स्वतःच्या हाताने उभी करायची. मागच्या पडवीतून स्कूटर बाहेर काढली आणि तिथे बेल्ट ग्राइंडर बनवायला घेतला. गीता म्हणते, स्कूटर पावसात आणि लोखंड घरात, असा न्याय तिने कुठे पाहिला नाही.

पंपाची जुनी मोटर, तीन चाकं आणि त्यांवरून फिरणारा दोन इंच रुंदीचा खरखरीत पट्टा. त्याला विळा टेकवा, विळी टेकवा, कुऱ्हाड टेकवा, धार तयार. पट्टा ताणून धरायला मोटरसायकलच्या शॉकअपची स्प्रिंग लावली आहे. सांगाडा मीच वेल्ड केला. चाकं वसंताच्या लेथवर काढून घेतली, आणि अशी सपाट की वर पट्टी ठेवून उजेडाकडे धरली तर खालून प्रकाशाची रेघ दिसत नाही. वसंता कंटाळला, पण मी हटलो नाही.

दसऱ्याला यंत्राची पूजा तुझ्या हातची हवी. भाऊजींना घेऊन ये.

माझ्यावर लोभ आहेच, थोडा यंत्रासाठी जास्तीचा धाड.

तुझा
हिरा

खैरलांजी,
दि. ११ ऑगस्ट २०२५

चि. हिरालाल यास,
अ. उ. आशीर्वाद.

राखी पोहोचली असेल. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, कारण ते माझ्याच भावाने लिहिलंय यावर विश्वास बसेना. निवृत्त माणसाला करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं का? परसात वांगी लाव, हट्ट्याची बावली, ती जुनी पायऱ्यांची विहीर, पाहून ये, पत्ते खेळ. तुला सुचलं काय, तर मोटर आणि पट्टा!

आमच्या धानाच्या गिरणीचा पट्टा तुझ्या भाऊजींच्या उजव्या हाताची दोन बोटं घेऊन गेला, हे तुला मी सांगायला हवं का? गोंदियाच्या दवाखान्यात तूच नेलं होतंस त्यांना. त्यानंतर वीस वर्षं गिरणी मी चालवली. त्यांना पट्ट्याच्या आसपास फिरकू दिलं नाही. त्या आवाजात माझे कान गेले, मुलं मार्गी लागली, तशी गिरणी विकून मोकळी झाले. आजही ते फिरणाऱ्या कशालाही हात लावत नाहीत. मिक्सरसुद्धा मीच लावते.

तुझी दहाच्या दहा बोटं मला हवी आहेत. ते यंत्र घरात असेपर्यंत मी तुझ्या उंबरठ्याच्या आत येणार नाही, दसरा असो की दिवाळी. गीताला सांग, गुडघ्यांना गरम तेल लाव.

आशीर्वाद तुला आहे, मशीनला नाही.

ताई

बालाघाट,
दि. २५ ऑगस्ट २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र अजून गरम आहे. भाऊजींचा हात मी विसरलेलो नाही. दवाखान्याच्या ओसरीवर तू एकदाही रडली नव्हतीस, तेही विसरलो नाही. पण ताई, तिथे मोठं इंजिन होतं, इथे पंपाची मोटर आहे. मी जपून करतोय.

खरं सांगायचं तर सध्या भीती बाळगावी असं ते यंत्र चालतच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गीताने नारळ फोडला, मी बटण दाबलं आणि पट्टा चाकावरून सटकून थेट तुळशीत. पुन्हा चढवला, पुन्हा गेला. चाकं ओळंब्यात आहेत, माप बरोबर आहे, तरी हा बाजूला सरकत सरकत उतरतोच. शेजारचा महेंद्र रोज संध्याकाळी कुंपणापाशी येतो आणि आज किती दूर गया असं विचारतो. मला अन्न गोड लागत नाही.

तुमच्या गिरणीचा पट्टा तर दिवसभर चालायचा. तो चाकावर कसा राहायचा? रागावलीस तरी एवढं सांग.

राग उतरेपर्यंत माया उधार ठेव.

तुझा
हिरा

खैरलांजी,
दि. १ सप्टेंबर २०२५

चि. हिरालाल यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझा पट्टा का उतरतो ते मला माहीत आहे. पत्र वाचता वाचताच कळलं. पण मी सांगणार नाही.

भाऊजी सांगायला निघाले होते. मी बजावलं, की बालाघाटला एक शब्द गेला तर उद्यापासून स्वयंपाक तुम्ही करायचा. त्यावर ते म्हणाले, काहून तरसवून राह्यली त्याले? मी म्हटलं, मले माह्या भावाची बोटं पाह्यजेत. तेव्हा कुठे त्यांनी हातातला फोन खाली ठेवला.

तुझा पट्टा रोज तुळशीत जावो. कंटाळशील आणि स्कूटर आत घेशील. महेंद्रला माझा आशीर्वाद सांग, तो चांगलं काम करतोय.

तुझ्या भल्यासाठीच वाईट झालेली
ताई

बालाघाट,
दि. १० सप्टेंबर २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

नको सांगूस! मार्ग मी शोधला. पट्टा ज्या बाजूला सरकतो त्या बाजूने त्याच्या काठाला बांबूची कामटी टेकवून उभा राहतो. जरा सरकला की जरा दाबायचं, पठ्ठ्या परत जागेवर. डाव्या हातात कामटी, उजव्या हातात विळी, सवय झाली की जमतं. शेवटी गिरणीवाल्या बहिणीचा भाऊ आहे.

काल गीताच्या विळीला धार लावली. तिने दोडका चिरून पाहिला आणि हौ म्हणाली. तिच्याकडून एवढं मिळालं म्हणजे पद्मश्रीच. ताई, मी बनवलेल्या यंत्राने एक विळी कापती झाली. मला फार आनंद झाला, तो तुला कळवल्यावाचून राहवेना. आता धान कापणीच्या आधी गल्लीतल्या सगळ्यांचे विळे करून देणार आहे.

अबोला धरलास तरी पत्र धाडत जा.

तुझा
हिरा

खैरलांजी,
दि. १३ सप्टेंबर २०२५
(बसच्या कंडक्टरच्या हाती)

हिरा,

आशीर्वाद नंतर. आधी मोटर बंद कर आणि ती कामटी चुलीत घाल.

भाऊजींच्या हातात कामटीच होती. तीही ते अशीच टेकवून धरत आणि त्यांनाही सवय झाली होती. पट्ट्याने कामटी आत ओढली, कामटीबरोबर हात गेला. हे मी तुला कधी सांगितलं नाही. मी गप्प राहिले तर तू नाद सोडशील असं वाटलं होतं, आणि तू कामटी उचललीस!

आता नीट वाच. चाक सपाट नको. मधोमध फुगीर आणि दोन्ही काठांकडे उतरतं असावं. आम्ही त्याला चाकाचं पोट म्हणायचो. पट्टा नेहमी उंच भागाकडे चढतो, म्हणून मधे राहतो. पोट किती, तर डोळ्याला दिसू नये आणि बोटाला कळावं. आमची पुली झिजून सपाट झाली होती, तेव्हापासून पट्टा उतरायला लागला होता. अपघातानंतर मी पोटाची पुली करून घेतली. माझ्या हाती तो पट्टा एकदाही उतरला नाही.

वसंताकडून वरच्या चाकाला पोट काढून घे. चाकांवर पत्र्याचं झाकण बसव. बटण पायाशी घे, म्हणजे हात अडकले तरी बंद करता येईल. पट्ट्याला हात लावायचा तो यंत्र पूर्ण थांबल्यावर. यातलं एकही टाळलंस तर मी तुझी बहीण नाही.

हे मिळाल्याचं कंडक्टरच्याच हाती कळव. तोवर मला झोप नाही.

ताई

बालाघाट,
दि. २७ सप्टेंबर २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

कामटी जळाल्याचं कंडक्टरकडून कळलंच असेल. आता पुढचं सांगतो. वसंताने पोट काढून दिलं. झाकण, पायाचं बटण, सगळं तू सांगितलंस तसं केलं. बटण दाबलं, पट्टा पहिल्यांदा डावीकडे निघाला. आणि मग आपणहून मधे आला गं! कोणी न धरता, न दाबता, मधोमध. मी आणि गीता नुसते बघत राहिलो. महेंद्र कुंपणावरून आत आला आणि आपला कोयता पुढे केला.

लोक म्हणतात, बाबूजींनी कमाल केली. मी सांगतो, सांगाडा माझा आहे, पण पट्टा चाकावर माझ्या बहिणीमुळे राहतो. झाकणावर पांढऱ्या रंगाने पुष्पलता असं नाव काढलं आहे. कालव्यांच्या नकाशांवर काढायचो तशाच अक्षरात, एकही रेघ हललेली नाही.

दसऱ्याला पूजा होईल ती तुझ्या हातची, नाहीतर होणार नाही. तू ठरव.

वाटेकडे डोळे लावून,
तुझा
हिरा

खैरलांजी,
दि. ५ ऑक्टोबर २०२५

चि. हिरालाल यास,
अ. उ. आशीर्वाद.

सुखरूप पोहोचलो. गीताने दिलेल्या करंज्या बसमध्येच संपल्या, डबा पुढच्या वेळी देते.

तुझं यंत्र मला आवडलं. तिथे बोलले नाही, कारण बोलले असते तर रडले असते आणि मग तू जन्मभर चिडवलं असतंस. झेंडूचा हार घालून झाल्यावर तू ते सुरू केलंस, तेव्हा मी सांगाड्यावर तळहात ठेवला होता. ऐकू येत नसलं तरी पट्टा सरळ चालतो की फडफडतो हे मला हाताला समजतं. सरळ चालतोय. चांगलं केलंस.

आणखी एक लिहायचं आहे. वीस वर्षं मी ती गिरणी चालवली, पट्टे शिवले, पुल्या बदलल्या. पण लोक धान घेऊन यायचे ते दुलीचंदच्या गिरणीवर, म्हणजे तुझ्या भाऊजींच्याच नावावर. त्याचं वाईट वाटायलाही मला कधी वेळ नव्हता. दसऱ्याच्या दिवशी तुझ्या अंगणात कोणीतरी काही विचारलं, तू यंत्र बंद केलंस आणि माझ्याकडे बोट दाखवून बराच वेळ बोलत राहिलास. काय म्हणालास ते मला ऐकू आलं नाही. पण सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. महेंद्रने तर हात जोडले. मी पदर सारखा करत ताठ उभी राहिले, एवढंच मला आठवतं. माझ्या भावाचा मला फार अभिमान वाटला, आणि हिरा, माझाही वाटला.

येताना वाराशिवनी सोडल्यावर भाऊजींनी माझ्या कानाशी तोंड आणलं. म्हणाले, धान कापाले आलं, हिराच्या मशीनवर आपल्या इळ्यांले मी धार लावू काय? अपघातापासून या माणसाने असं काही विचारलं, की त्याचं वाक्य संपायच्या आत मी नाही म्हणत आले आहे. मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. म्हटलं, हौ. मला नीट ऐकू आलं नसावं असं समजून त्यांनी पुन्हा विचारलं. मग मी असं जोरात हौ म्हटलं, की कोणाला तरी उतरायचंय असं वाटून ड्रायव्हरने बस थांबवली.

पुढच्या रविवारी पहिल्या बसने येतो. विळ्यांचं गाठोडं त्यांनी आजच बांधून दाराशी ठेवलं आहे.

अशीच माया राहू दे.

तुझी
ताई