टपावरचे ओरखडे

अश्विन,

मी तुझ्या बाबाले घेऊन तुझ्या बहिणीकडे, दीपमालाकडे अभनपुरले चालली. काल सकाळी बाबा तुझी गाडी पुसून राहिले होते, अन् तू त्यांच्यावर ओरडला, "गाडी को हाथ मत लगाया करो, पूरा पेंट खराब कर दिया!" पाऱ्यातले, साऱ्या गल्लीतले लोक दारात येऊन ऐकून राहिले होते. लाज नाही वाटली तुले? तेव्हापासून ते धड जेवले नाहीत.

आज तू झोपून होता, तेव्हा गाडी मी धुतली. बाबा खुर्चीवर बसून सांगत होते. तीस वर्षं रेल्वेचे डबे धुतले त्यांनी. "पहिले नुसतं पाणी सोड, फॅक्टरीची काळी धूळ वाहून जाऊ दे, मग साबण. फडकं दुसऱ्या बादलीत खंगाळूनच पुन्हा लाव. कोरडं मारलं तं तीच धूळ पेंट खरवडते."

धुतल्यावर नीट पाहिलं. बोनेट साफ, दरवाजे साफ. सारे ओरखडे टपावर आहेत. दिवाळीत बाबा पडले तेव्हापासून त्यांचा हात खांद्याच्या वर जात नाही. त्यांचे केससुद्धा मी विंचरून देते. एका घरात राहून तुले हे दिसलं नाही? टपावर रोज ऑफिसले जाताना कोरडं फडकं कोण मारते?

बाबाले ओरखडे दाखवले. ते म्हणे, "पोराले सांगू नको, त्याले वाईट वाटन."

वाटावं म्हणूनच लिहून राहिली.

माय