लागलं

६ जानेवारी २००३, मंचर
आले एकदाची नोकरीच्या गावाला! कंपनीने खोली दिलीय ती कांद्याच्या वखारीवर, उशीलासुद्धा कांद्याचा वास. काम मात्र मजेचं आहे. घोडेगाव रस्त्याच्या माळावर एका रंगाच्या कारखान्याने गाळ पुरलाय. त्याचं विष पाण्यात उतरतंय का, हे तपासायला भोवती उथळ बोअर घ्यायचे. मशीनवाले कुशाबा मिशीतल्या मिशीत हसतात. म्हणाले, "एवढ्याशा भोकात काय लागनार, मॅडम?" पाणी दिसलं की "लागलं!" म्हणून ओरडायचं आणि सगळ्यांनी गूळ खायचा, हा त्यांचा नेम. मी लगेच गूळ आणून ठेवला.

८ जानेवारी
पहिला बोअर. मशीनच्या धडधडाटातही "लागलं" स्पष्ट ऐकू आलं. मला वाटलं कुशाबा ओरडले, त्यांना वाटलं मी. गूळ खाऊन झाल्यावर पाहिलं तर पाणी नाहीच, नुसता लाल, कोमट चिखल. कारखान्याचा रंग असणार. पण त्यावर माश्या बसल्या, ते काही मला आवडलं नाही.

१० जानेवारी
दुसऱ्या बोअरलाही तेच "लागलं", तोच चिखल. या वेळी आम्ही एकमेकांकडेच बघत होतो आणि दोघांचीही तोंडं बंद होती. काम आवरताना कुशाबांची विजार रक्ताने भिजलेली दिसली. पोटरीत गोल भोक, आरपार. आमच्याच मशीनने पाडावं तसं, फक्त लहान. ते मलाच विचारत होते, "मला कवा लागलं, मॅडम?"

११ जानेवारी
शेजारच्या रानातल्या कोंडाबाई चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "कुनाला लागलंय, बाई? लई कळवळून वरडत व्हतं."
 खाली जे काही आहे, ते पाण्याचं सांगत नव्हतं. त्याला लागलं होतं, आणि आम्ही वर बसून गूळ खात होतो.
कुशाबा पोटरीला टाके घालून आले, तेव्हा तिसरा बोअर नको म्हणून त्यांच्या विनवण्या केल्या. "येकच ऱ्हायलाय, उरकून टाकू," म्हणाले. मशीनची चावी मी उशीखाली घेतलीय. या माणसाला मी मरू देणार नाही.

१२ जानेवारी
त्यांच्याकडे दुसरी चावी होती. मी पोचले तेव्हा मशीन चालू — खालून किंकाळी — मी धावत जाऊन मशीन बंद केलं. जमीन धडधडतच राहिली.
खालून.
कुशाबा पायाकडे बघत होते. टाचेतून शिरलं — गुडघा — पोट — ते जागच्या जागी गरगर फिरले, आतडी माझ्या अंगावर — गळा फोडून टोक वर आलं. हाडाचं.
मग आवाज. लागलं. रडका नव्हता. आम्ही ओरडायचो तसा, आनंदाचा. मागोमाग खालूनच पुष्कळ जण हसले.

मशीनच्या गाडीच्या केबिनमध्ये आहे. फार भीती वाटतेय. कुशाबांच्या घरच्यांना कळावं म्हणून लिहि—

कोंडाबाई बांधावरून येतायत. हातात किटली. काच बडवली, मागे फिरा म्हणून ओरडले — त्या हसून हात करतायत —

पायाखालचा पत्रा कोमट —

टाच —

लाग