अंबादासच्या तपासणीची वही

रांझी, जबलपूर
सोमवार, २० मार्च २०१७

प्रिय विनता,

तुझं पत्र अकरा तारखेला मिळालं, आज वीस. नऊ दिवस कुणाला उत्तर दिलं नाही असं माझ्या हातून कधी झालं नाही, हे तू जाणतेस. फोनवर अंबादास जवळपास असतो म्हणून तू पत्र लिहिलंस ते बरं केलं. मीही हे घरी नाही, रिछाईला कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बसून लिहून राहिलो. तुझा प्रश्न सरळ आहे. इंदूची परीक्षा एकतीसला संपते. तिला तिकडेच अचलपूरला पाचवीत घालायचं, की इकडे घेऊन यायचं? ‘हे आता कसे आहेत ते तुम्हीच सांगा, दादा. तुमचं माप चुकत नाही. तुम्ही लिहाल तसं करीन.’ हे मी किती वेळा वाचलं ते विचारू नको.

क्रमानं सांगतो, म्हणजे काही सुटायचं नाही. अंबादासचा मनावरचा उपचार आठ सप्टेंबरला सुरू झाला. दर गुरुवारी अकरा वाजता, अधारतालला. आजवर अठ्ठावीस गुरुवार झाले, दोन हुकले: एक सव्वीस जानेवारीचा, आणि एक दिवस तो अंथरुणातून उठलाच नाही. उपचार करणाऱ्या पद्मजा मॅडम मराठीच, पण तीन पिढ्या इथल्या. बोलता बोलता हिंदीत शिरतात, पलटणीतल्या माणसाला ते सोपं पडतं. उपचाराचं नाव लांबलचक आहे. मेंटलायझेशन. मी शब्दकोश काढून बसलो, काही हाती लागलं नाही. शेवटी मॅडमनीच सोपं करून दिलं. समोरच्याच्या मनात काय चाललं असेल याचा अंदाज आपण सगळेच बांधतो. अंबादासची अडचण ही की त्याला तो अंदाज वाटतच नाही, डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट वाटते. सरहद्दीवरच्या त्या चौकीवर एक चेहरा ओळखायला चुकला तर जीव जायचा. इथं रांझीच्या बाजारात कुणाचा जीव जात नाही, पण त्याच्या डोक्याला ते कुणी सांगितलेलं नाही.

मॅडम मला म्हणाल्या, घरी काय दिसतं ते लिहून ठेवत चला. मला काय, तेच हवं होतं. आयटीआयचं तोंड न पाहता, रद्दीतली पुस्तकं वाचून ड्रॉइंग वाचायला शिकलेला माणूस मी. दोनशे पानी वही आणली, पट्टीनं रकाने आखले: तारीख, वेळ, काय घडलं, आणि शेवटी निकाल. पास किंवा रिजेक्ट, कारखान्यात मी मालाला लावतो तसा. तुझी जाऊ सत्यभामा तर म्हणाली, “भाऊ आहे तो तुमचा, का बेअरिंग? कॅलिपर लावायचंच बाकी ठेवलं तुम्ही!” मी तिला गप्प केलं. डिसेंबरात ती वही अंबादासच्या हाती लागली. त्यानं सगळी पानं शांतपणे उलटली आणि म्हणाला, “एकशे चार रिजेक्ट, दादा. एवढ्यात तर तुमच्या कारखान्यात अख्खा माल भंगारात जात असंल.” तो हसला. मला हसता आलं नाही. मॅडमनी निकालाचा रकाना खोडायला लावला आणि म्हणाल्या, तिथं त्याच्या मनात काय असावं ते लिहा, आणि शेजारी तुमच्या मनात काय होतं तेही लिहा. पहिलं मी लिहायला शिकलो. दुसऱ्याबद्दल पुढे सांगतो.

आता फरक सांगतो, मीठमिरची न लावता. पहिल्या गुरुवारी अकराव्या मिनिटाला तो खुर्चीवरून उठला, कारण मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. “कंटाळली ती मला.” दुसरं काही कारण असेल का, असं त्याला विचारलं तर म्हणाला, “कारण एकच असते.” जानेवारीत अधारतालच्या टपरीवर चहावाल्यानं त्याच्या मागून आलेल्याला आधी ग्लास दिला. मी बाकड्यावर बसून श्वास रोखला होता. मागच्या वर्षी अशाच गोष्टीवरून त्यानं एकाची कॉलर धरली होती. तो उभा राहिला. मान लाल झाली. मग स्वतःच म्हणाला, “भैया, मेरा रह गया.” बसमध्ये मला म्हणतो, “तो मले मुद्दाम टाळून राहिला असं वाटलं. पण त्याले ऐकायला कमी येत असंल, नाहीतर त्याचं ध्यान नसंल. मले माहीत नाही, दादा.” अंबादास पवनीकर, सतरा वर्षं नोकरी केलेला हवालदार, ‘मला माहीत नाही’ म्हणाला. मी वहीत तारीख-वेळ टाकली आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली.

पण हे सरळ वर चढत जात नाही. फेब्रुवारीत चार दिवस तो कुणाशी बोलला नाही. अजून मागे कुणी जोरात हसलं की वळतो. कुकरची शिट्टी झाली की उठून बाहेर जातो. ते शिट्टीमुळे नाही, हे तुला सांगायला नको. तुम्ही गेल्यावर झाकणानं भिंतीला पडलेला तो खड्डा मी मोजला होता: खोली सव्वा इंच, इंदूच्या खुर्चीपासून एकोणीस इंच. दुसऱ्या दिवशी मीच गिलावा केला. मोजायला कुणी सांगितलं होतं? माझा हात दुसरं काही शिकलेलाच नाही.

आणि आता परवाचा गुरुवार, सोळा तारीख. मॅडमनी त्याला जुलैतल्या त्या दिवसावर नेलं. सिक्युरिटी एजन्सीनं बँकेवरच्या बंदूकवाल्या ड्युटीवरून काढलं, मॅनेजर म्हणाला, ‘तुम्हारे घर से ही बोला है, दिमाग ठीक नहीं’, आणि अंबादास घरी आला तो तुझ्यासमोर उभा राहिला. तू देवाची शपथ घेतलीस. त्यानं ऐकलं नाही, कुकरचं झाकण भिरकावलं, आणि तू संध्याकाळच्या गाडीनं इंदूला घेऊन गेलीस. परवा तो काय म्हणाला ते शब्दाला शब्द लिहितो. “विनतानंच सांगितलं हे मले पक्कं होतं. कागदावर लिहून दिल्यावानी. आता वाटते, मी तिचा चेहरा पाहिला, बस एवढंच. ती भ्याली होती. भ्यालेला चेहरा अन् खोटा चेहरा मले तेव्हा सारखाच दिसे. तिनं सांगितलं असंल, नसंलही. मले माहीत नाही. अन् माहीत नसताना मी लेकराच्या अंगावर झाकण फेकलं.” मग तो रडला. मी शेजारच्या खुर्चीवर होतो, आणि मी खिडकीचे गज मोजत होतो. सोळा होते.

वहीतला तो दुसरा रकाना, माझ्या मनाचा, पहिल्या दिवसापासून कोरा आहे, तो यामुळे. विनता, एजन्सीत मी गेलो होतो. अकरा जुलैला, सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत सायकलनं. त्याच्या हाती बंदूक देऊ नका, दुसरं काम द्या, असं मी मॅनेजरला म्हणालो, आणि माझं नाव घेऊ नका म्हणालो. बंदुकीचं बोललो ते मला आजही चूक वाटत नाही. आधल्या आठवड्यात तो कसा होता ते तूही पाहिलंस. पण तो तुझ्यावर ओरडत होता तेव्हा मी दारातच उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं. बोललो तर तो मला जन्मात माफ करणार नाही, हे मी पक्कं धरून बसलो, जसा तो तुझं पक्कं धरून बसला होता. त्याच्यावर उपचार चालू आहे, मी मात्र त्याच्यावर वही लिहीत बसलो. येत्या गुरुवारी मी त्याला मॅडमसमोर सांगणार आहे. त्यांनाही अजून माहीत नाही. सहा महिन्यांच्या उपचाराचं सगळं त्या एका वाक्यानं मोडेल का, या भीतीनं मला नऊ दिवस जेवण गेलेलं नाही. पण शपथ तुझी खोटी ठरवली गेली, म्हणून त्याच्याआधी तुला सांगितलं. आज स्पीड पोस्टनं टाकतो, बुधवारी मिळावं. गुरुवारी तो उठून गेला, माझ्यावर हात उगारला, तरी ते त्याच्या खात्यात धरू नको, ते माझं आहे. आणि इंदूला आणायचं की नाही, हे आता माझ्या शब्दावर ठरवू नको, त्या शब्दाची किंमत तुला कळली. शुक्रवारी त्याला फोन कर आणि त्यालाच विचार, तुम्ही कसे आहात. तो काय सांगेल हे मला माहीत नाही, पण जे सांगेल ते खरं असेल.

तुझाच, तू म्हणू देशील तर,
पुंडलिकदादा