आत्याचं पत्र आणि माझं टेबल

तीर्थरूप आत्यास,

कंबर धरल्यामुळे खुर्चीतूनच साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? इकडे सर्व ठीक. (सर्व म्हणजे मी एकटाच, पण पत्रात असंच लिहायचं हे तूच शिकवलंस.)

तुझं मागचं पत्र पोचलं. इंटरनेटवर शिलाई मशीनची दुरुस्ती शोधणाऱ्या माणसाला आमची शोधयंत्रवाली कंपनी स्वतःचीच नवी मशिनं दाखवते आणि तुझं दुकान नवव्या पानावर ढकलते, म्हणून तू माझ्या साहेबांची जी बिनपाण्याने केलीस, ती वाचून मला भरून आलं. त्याच आठवड्यात कंपनीने निनावी तक्रारींची पेटी उघडली. (कॉम्प्युटरवरची.) मी तक्रार लिहायला बसलो, पण ती रजेच्या अर्जासारखी व्हायला लागली. शेवटी तुझंच पत्र जसंच्या तसं उतरवून धाडलं. फक्त 'गाढवा, तू तिथे बसून करतोस तरी काय' एवढं गाळलं.

निनावी म्हणजे किती निनावी, तर दुसऱ्याच दिवशी साहेबांनी भाषेवरून लिहिणारा हुडकायला यंत्र लावलं. यंत्राने निकाल दिला: बाई, साठीच्या पुढची, तापट, कोणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. मी गारच पडलो गं, अगदी तुझा फोटो! पण कचेरीत त्या वयाची बाई एकच, हजेरीपट सांभाळणारी, आणि ती इतकी गरीब की उतरताना लिफ्टचेही आभार मानते. तिलाच टेबल आवरायला सांगितलं. ती आपला चहाचा कप फडक्यात गुंडाळायला लागली, ते माझ्याने बघवेना. उठलो आणि सांगून टाकलं, शब्द माझ्या आत्याचे, धाडले मी. साहेबांना पटेना. (यंत्र चुकत नाही म्हणे, आणि खरंच चुकलं नव्हतं.) तुझं पत्र दाखवलं तेव्हा कुठे पटलं. गाळलेलं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. तिचं टेबल राहिलं, माझं गेलं.

तू काळजी करू नकोस. मी अगदी मजेत आहे.

तुझा भाचा

ता. क. मजेत वगैरे काही नाही. तुझ्या काउंटरमागचं दुसरं स्टूल रिकामं आहे का? मला मशीनला तेल घालता येतं.

आणखी एक. दुकान हलवलंस, पण नव्या जागेचा पत्ता लिहायला विसरलीस, म्हणून हे पत्र घरी धाडतोय. पत्ता आमच्याच कंपनीच्या शोधयंत्रावर शोधायला गेलो, तर एक नवं मशीन विकत घेऊन बसलो. येताना आणतो. आत्ताच अडकायला लागलंय.