तळघरातलं श्रेय

स्प्रिंगफील्ड लेक्स, बुधवार, ४ ऑगस्ट २०२१

लॉकडाऊनमुळे आज ऋचाने युनिव्हर्सिटीचं प्रेझेंटेशन गॅरेजमध्ये बसून दिलं. विषय क्षयावरचं पहिलं गुणकारी प्रतिजैविक. एका विद्यार्थ्याने ते तळघरात जीव धोक्यात घालून शोधलं. संसर्गाच्या भीतीने तिथे न उतरणाऱ्या प्रोफेसरांना नोबेल मिळालं.

काल मी चिडवलं, "आपल्याकडे श्लोक शिष्याने रचावा, नाव गुरूचं घालावं. भक्ती म्हणतात तिला."

"बाबा, दॅट्स जस्ट स्टीलिंग."

आज कपडे धुवायचं निमित्त काढून गॅरेजच्या दाराशी ऐकत उभा राहिलो. ट्यूटर म्हणाल्या, "तळघराचा मुद्दा सुरेख, ऋचा." त्यांच्या लॅबमध्ये ऑनर्सच्या संशोधनासाठी जागा एकच, ती ऋचालाही हवी आणि प्रेझेंटेशनमधली तिची जोडीदार थुई, हिलाही. थुईचं नेट नेमकं तेव्हाच गेलेलं. ऋचा गप्प बसली असती तर कोणाला कळणार होतं? मी बसलो असतो का?

ती म्हणाली, "तो मुद्दा थुईने शोधलाय. तिचं नाव माझ्या आधी लिहा, प्लीज."

मशीन लावायचं राहूनच गेलं. थेट पुण्याला ताईला फोन. "शेवटी मुलगी कोणाची!"

मागून सुनंदा, "अहो, लहानपणी तिने मैत्रिणीचं चित्र स्वतःचं म्हणून आणलं, तेव्हा ते परत करायला तिला कोण घेऊन गेलं? तुम्ही फ्रेम करायला निघाला होतात!"

खरंय. त्या तळघरात मी उतरलोच नव्हतो.

ताईला पुन्हा फोन लावला. सुनंदाचं नाव आधी सांगितलं. माझं नंतर, पण सांगितलंच.