जिथे लाट फुटत नाही

प्रिय ताई,

काल संध्याकाळी वानखेडे भाऊ घरी येऊन गेले. सोबत आपल्या मराठी मंडळाचे आणखी दोघे होते. तीन हिवाळे झाले, आपली पुरीची सहल निघालेली नाही. आता लोकांना पुन्हा समुद्राची आठवण येते आहे आणि या वेळेस सहल मी न्यावी असं सगळ्यांचं ठरलं आहे, हे सांगायला ते आले होते. मीच का, असं विचारलं, तर भाऊ म्हणाले, "तुम्ही सांभाळून न्याल. ताईंच्या वेळेस झालं तसं नाही होणार."

ताई, यावर तुझ्या भावाने काय केलं असेल? त्यांना आणखी चहा हवा का, असं विचारलं. ते गेले, कप उचलले गेले, आणि मी तसाच खुर्चीत बसून राहिलो. पावसाळ्यात तू गेलीस तेव्हापासून जे गिळत आलो ते आता गिळवत नाही. म्हणून हे पत्र.

तुझी शिट्टी माझ्याकडेच आहे. काळ्या दोरीची, शाळेतली. निवृत्तीच्या दिवशी मुलींनी तुला शाल दिली, आणि तू शाल मला देऊन शिट्टी मात्र घरी घेऊन आलीस! पीटीच्या बाईंना शाल कशाला, असं म्हणाली होतीस.

चाळिशी उलटेपर्यंत तू समुद्र पाहिला नव्हतास. मीही नाही. आपण रायपूरची माणसं, आपलं पाणी म्हणजे तलाव. बाबांनी तेलीबांध्याच्या तलावात आपल्याला पोहायला शिकवलं तेव्हा तिथे ना दिवे होते ना फिरायचा रस्ता, नुसता दगडी घाट आणि शांत पाणी. पुरीला पहिल्यांदा गेलो तेव्हा तू चपला हातात घेऊन कितीतरी वेळ उभीच राहिलीस. मग मागे वळून म्हणालीस, "मन्या, हे आपल्या सगळ्यायले दाखवलं पाह्यजे." त्यातूनच सहल सुरू झाली ना?

दर हिवाळ्यात वीस-पंचवीस माणसं. कोणी रेल्वेतून निवृत्त, कोणी मंत्रालयातून, मुलं पुण्याला नाहीतर परदेशात. रायपूरहून गाडीत बसतानाच तू चिवड्याचा डबा फिरवायचीस आणि समुद्राकाठच्या त्या लॉजवर पोचलं की आधी जेवणाच्या खोलीतल्या भिंतीवर चार्ट पेपर चिकटवायचीस. पहाटे अनवाणी चालत कोळ्यांच्या होड्यांपर्यंत. नाश्त्यानंतर समुद्रस्नान. दुपारी कोणार्क. दुसऱ्या दिवशी चिलिकाला नावेतून डॉल्फिन बघायला. आणि साठीच्या पुढच्यांसाठी वाळूच्या किल्ल्यांची स्पर्धा! दोन निवृत्त हेडक्लार्क किल्ल्याच्या बुरुजावरून भांडले आणि दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत, आठवतं? तू दोघांना पहाटेच्या चालण्यात जोडीदार करून टाकलंस.

जोडीदार हा तर तुझा कायदाच होता. शाळेतल्या मुलींसारखी तू सगळ्यांची जोड्यांनी नावं लिहायचीस. एक लांब शिट्टी झाली की जिथे असाल तिथे जोडीदाराचा हात धरून वर करायचा. पासष्टीची माणसं पाण्यात हात वर करून उभी आणि काठावर तू बोट फिरवत मोजते आहेस, हे बघून लॉजवरचे बाकीचे पाहुणे हसायचे. खरं सांगू? मलाही लाज वाटायची. पन्नाशी ओलांडलेल्या भावाला चारचौघांत शिट्टी मारून बोलवायचं म्हणजे काय!

आणि दुसरा कायदा नोलियाचा. नोलिया म्हणजे तिथले कोळी, उंच निमुळती टोपी घालून पाहुण्यांना हाताला धरून आंघोळ घालणारे. आपला नोलिया आल्याशिवाय गुडघ्याच्या वर पाणी चढू द्यायचं नाही.

शेवटच्या सहलीत, त्या सकाळी तो आला नव्हता. त्याला बोलवायला तू होड्यांकडे निघालीस आणि जाताना मला सांगून गेलीस, "मी येईपर्यंत कोणाले आत जाऊ देऊ नको." किती सोपं काम होतं, ताई! नुसतं थांबायचं होतं.

पण लोक कुरकुरायला लागले. कोणार्कची बस लागणार होती, बायका पदर खोचून, पिना लावून तयार उभ्या होत्या. कोणीतरी म्हणालं, ताईंची शाळा अजून सुटली नाही वाटतं. ते मला झोंबलं. तू नसताना मी काय नुसता पिशव्या राखायला आहे का, असं वाटलं. मी किनाऱ्यावरून नजर फिरवली. डावीकडे लाटा फुटत होत्या, उजवीकडेही फुटत होत्या, पण मधे एक पट्टा अगदी सपाट होता. जरा गढूळ, पण शांत. मला घाटावरचं पाणी आठवलं. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "इथं उतरा. इथं लाटच नाही."

रायपूरच्याच माणसाला असं सुचावं! आपल्याकडे जिथे पाणी शांत, तिथे बाई कळशी बुडवते, पोरं उतरतात. समुद्रात शांत पाण्याला घाबरायचं असतं हे मला कोणी शिकवलं होतं?

वानखेडे भाऊंच्या मंगलावहिनी माझ्या जोडीदार होत्या. भाऊ स्वतः पाण्यात उतरत नाहीत, पेपर घेऊन वाळूत बसतात, म्हणून तू माझं नाव त्यांच्यापुढे लिहिलं होतंस. आम्हीच पहिले उतरलो. दहा पावलं गेलो नसू, तर पायाखालची वाळू सरकायला लागली आणि पाणी कमरेवरून छातीवर आलं. आम्ही तोंड किनाऱ्याकडे करून चालत होतो आणि किनारा लांब जात होता. वहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. पुढचं तुला माहीत आहे. तू नोलियाला घेऊन धावत आलीस, तो रबरी ट्यूब घेऊन आत शिरला आणि त्याने वहिनींना बाहेर आणलं. त्या दोन दिवस दवाखान्यात होत्या.

वाचल्या, ताई. अजूनही दर वेळी मी मनात आधी हेच म्हणतो.

त्या दुपारी जेवणाच्या खोलीत, तुझ्या चार्टखाली, वानखेडे भाऊंनी विचारलं की ती जागा कोणी निवडली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत तू बोललीस. "जागा मीच सांगून गेली होती. मन्यानं माझं ऐकलं."

काहून बोललीस तू? परतीच्या गाडीत मी हेच विचारलं. माझ्या रश्मीचं भाऊंच्या पुतण्याशी जमत आलं होतं, त्याच महिन्यात बोलणी पक्की व्हायची होती. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "पोट्टीचं होऊन जाऊ दे. मग सांगशील." म्हणजे तू मला कायमचं सोडवलं नव्हतंस. तू फक्त मुदत दिली होतीस. आणि मी ती मुदत कधी संपूच दिली नाही!

रश्मीचं लग्न झालं. मग म्हटलं, नवीन नवीन आहे, थोडं रुळू दे. मग ती बाळंतपणाला आली. मग तुला बरं नव्हतं. दर वेळी मला एक चांगलं कारण मिळत गेलं, आणि तिकडे तुला हळदीकुंकवाची बोलावणी येणं थांबलं. मंडळाच्या गणपतीत आरतीनंतरचा कार्यक्रम वर्षानुवर्षं तू बसवायचीस, तो दुसऱ्या कोणाकडे गेला. तुला कोणी वाईट बोललं नाही. नुसतं विचारणं सोडून दिलं. तू एकदाही मला आठवण करून दिली नाहीस, हा तुझ्यावर माझा राग आहे. एक शिट्टी मारायचीस ना, ताई! मला तीच भाषा कळते हे तुला ठाऊक होतं.

आता दोन गोष्टी सांगतो, ज्या मी कोणालाच सांगितलेल्या नाहीत.

पहिली. तुझ्या शोकसभेत भाऊ चांगलं बोलले. शेवटी म्हणाले की पुरीला ताईंच्या हातून चूक झाली, पण माणूस आहे, चूक होतेच. तुझा फोटो समोर, त्याला मीच घातलेला हार, आणि मी मान डोलावली. हो, डोलावली. ती मान अजून माझ्याच खांद्यावर आहे याची मला घृणा वाटते.

दुसरी गोष्ट त्याहून जुनी. वहिनींचा हात लाटेने सुटला असं मी सगळ्यांना सांगितलं, तुलाही सांगितलं. तिथे लाट कुठे होती? लाट नाही म्हणून तर मी तिथे उतरवलं होतं. माझे पाय उचलले गेले तेव्हा मी घाबरलो, मनगटाला हिसडा दिला आणि आडवा पोहत सुटलो. हात मी सोडवून घेतला, ताई. त्यांनी नाही सोडला.

हे तुला कळलं नव्हतं, अशी माझी समजूत होती. काल पाहुणे गेल्यावर मी तुझी लोखंडी पेटी उघडली. शिट्टी माझ्याकडे होती, पण पेटीतली तुझी सहलीची वही मी कधी पाहिली नव्हती. तिच्यात पुढच्या सहलीचा सगळा आराखडा लिहून ठेवलेला निघाला. म्हणजे बोलावणी थांबली तरी तू तयारी थांबवली नव्हतीस! सगळ्यात वर नोलियाला विचारून लिहिलेलं होतं: "जिथे लाट फुटत नाही तिथे उतरायचं नाही. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत जातं." खाली कार्यक्रम, त्याखाली जोड्या. माझं नाव सगळ्यात शेवटी होतं, आणि पुढे, मुलींच्या प्रगतिपुस्तकात शेरा लिहायचीस त्याच अक्षरात: "मन्या आणि मी. (हात सोडतो. घट्ट धरायचा.)"

मी किती वेळ रडलो ते तुझ्या भावजयीला, सुनीताला विचार.

तिला मग सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती मला दोष देईल. ती फक्त म्हणाली की तिला संशय होताच, कारण तीन वर्षांत मी मंगलावहिनींकडे सरळ पाहिलेलं नाही. मग म्हणाली, "ताई गेल्या. पोरीचं झालं. आता कोणासाठी चूप बसून राहिले तुम्ही?"

आज सकाळी रश्मीला फोन केला. तुझी भाची आमचं मराठी ऐकते आणि उत्तर हिंदीत देते, ते अजून तसंच आहे. मी सगळं सांगितलं, हाताचंसुद्धा. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पापा, आत्या ने मेरी शादी में सबसे पीछे बैठकर खाना खाया था. मुझे लगा वो नाराज़ हैं." फोन ठेवण्याआधी ती म्हणाली, "आप बोल दो. यहाँ मैं देख लूँगी." तिथे तिला काय काय ऐकावं लागेल, ते मला ठाऊक नाही. वानखेडे भाऊ तिचे चुलतसासरे आहेत आणि त्यांचा राग सगळ्या पारा-मोहल्ल्याला माहीत आहे. मला भीती वाटते आहे, ताई. खोटं कशाला सांगू?

रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये सहलीची सभा आहे. त्याआधी, शनिवारी, मी मंगलावहिनींकडे जाणार आहे. हाताचं त्यांना सगळ्यांच्या आधी कळायला हवं. मला वाटतं, त्यांना ते कळलेलंच आहे, मनगट त्यांच्याच हातात होतं. तरी माझ्या तोंडून ऐकणं त्यांचा हक्क आहे. त्या मला घरात घेतील की दारातूनच परत पाठवतील, सांगता येत नाही.

सहल निघेल की नाही, मला नेऊ देतील की नाही, ते लोक ठरवतील. पण एक वचन देतो. रविवारी मी चार्ट पेपर घेऊन जाईन. सगळ्यात वर तुझी ओळ असेल, लाट फुटत नाही तिथे उतरायचं नाही, आणि तिच्याखाली मोठ्या अक्षरात, ती जागा मी निवडली होती, ताईने नाही. मग तुझी शिट्टी काढीन आणि एकदा लांब वाजवीन. लोक सवयीने शेजारच्याचा हात शोधतील. मी माझा एकट्याचा हात वर करीन, आणि सगळ्यांचं बघून होईपर्यंत खाली घेणार नाही.

तुझा,
मन्या