सगळ्यांची एक जून

आप्पा,

तुमच्या हाताखालून पहिलीत गेलेल्या सगळ्या पोरांचा वाढदिवस एक जूनला येतो. त्या दिवशी सकाळपासून बँकेचे, मोबाइल कंपनीचे शुभेच्छांचे मेसेज यायला लागतात आणि डोंगराकडच्या पाड्यांवर निम्मी माणसं एकमेकांना फोन दाखवून हसतात. मलाही येतात. तुमचा पोटचा मुलगा असूनही तुम्ही मला त्यातून वगळलं नव्हतं. गंमत वाटण्याचे दिवस आता गेले. आता ती तारीख कागदावर दिसली की मी तो कागद पालथा ठेवतो, आणि त्याचं कारण तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुम्ही गेलात त्यानंतर मी बोईसरला स्टेशनच्या मागच्या बाजूला एक गाळा भाड्यानं घेतला आणि सरकारी सेवा केंद्र चालवायला घेतलं. तुमच्या वेळी दाखला हवा असला की माणूस तलाठ्याच्या दारात बसायचा. आता उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा, सगळे दाखले कॉम्प्युटरवरून निघतात आणि माणूस माझ्या बाकड्यावर बसतो. कागद मी पडद्यावर चढवायचे, ते पालघरच्या कचेरीत जायचे आणि तिथून मान्य होऊन किंवा 'त्रुटी' असा लाल शेरा घेऊन परत यायचे. तारापूरचं अणुकेंद्र हाकेच्या अंतरावर आहे, तरी लाइट जायची ती जातेच. लाइट असली तर सर्व्हर नसतो. कंपनीतला कामगार काउंटरवर हात आपटून विचारतो, "भैया, और कितना टाइम?" पाड्यावरची म्हातारी विचारते, "पोरा, आजून नाय झालां?" वरून कचेरी विचारते, अर्ज का रखडले. तिन्ही प्रश्न मलाच, आणि उत्तर माझ्या हातात एकाचंही नाही. कितीदा वाटलं, शटर ओढावं आणि कुठल्याशा कारखान्यात सुपरवायझर म्हणून लागावं. पण लोक वाटेतली दुसरी केंद्रं सोडून माझ्याकडे येतात, कारण मी गुरुजींचा मुलगा. तुमच्या नावामुळे गिऱ्हाईक येतं आणि तुमच्याच नावामुळे मला पळता येत नाही. मी पुरता अडकलोय, आप्पा.

तो दिवस मला अजून दिसतो. शाळेच्या व्हरांड्यात तुमचं टेबल मांडलंय, आम्ही नवी पोरं ओळीनं उभी आहोत. कुणाकडे जन्माचा दाखला नाही. तुमची एकच कसोटी आहे, उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायचा. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं, तारीख एक जून, पुढचा या. ओळीत दोघे भाऊ आहेत. त्यांचे आईबाप वीटभट्टीवर गेलेत ते अजून परतलेले नाहीत, त्यांना आजीनं पाठवलंय. मोठा लहानग्याचा सदरा धरून उभा आहे आणि सांगतो, हा नाय बसला तर मी पण नाय बसणार. मोठ्याचा हात केव्हाच कानाच्या खाली पोचतो. लहानग्याचा टाळूवरच अडतो. तो रडायच्या बेतात येतो. तुम्ही खुर्चीवरून उठता, त्याच्या डोक्यावर हात ठेवता आणि त्याची मान हळूच हाताच्या बाजूला वाकवता. "पोचला की रे!" तुम्ही म्हणता. आम्ही सगळे टाळ्या वाजवतो. मग तुम्ही दोघांच्या नावापुढे एकच तारीख, एकच साल लिहिता, आणि पालकाच्या सहीच्या जागी तुमची स्वतःची सही करता.

त्याच वर्षी श्रावणात मी वर्गात उभा राहून सांगितलं होतं, आप्पा, आज माझा खरा वाढदिवस आहे, आई खीर करणार आहे. तुम्ही मला अंगठे धरून उभं केलंत. "शाळेत आप्पा नाही, गुरुजी म्हणायचं. आणि इथं कुणाचा वेगळा दिवस नाही, सगळे सारखे." संध्याकाळी स्वयंपाकघरात आईनं माझ्यापुढे खिरीची वाटी ठेवली तेव्हा तुम्ही हसत विचारलंत, "आज काय विशेष?" आईनं डाव जरा जोरातच पातेल्यात टाकला. "विशेष कसलं? असेल कुणाचा तरी एक जून." तुम्ही मोठ्यांदा हसलात आणि खीर मागून घेतलीत. मी हसलो नाही. आज मला कळतं, तुम्ही मला त्या पोरांहून वेगळा पडू देत नव्हता. पण तेव्हा अंगठे धरून पाठ दुखत होती आणि मला तुमचा राग आला होता. तो राग पुष्कळ दिवस टिकला, खरं सांगायचं तर पार मोठेपणापर्यंत.

यंदा तो लहानगा माझ्या गाळ्यात आला. लहानगा कसला, माझ्याच वयाचा, केस पिकायला लागलेत. तुम्ही मान वाकवून ज्याला पहिलीत घेतलंत तो दहावीपर्यंत शिकला. आता डोंगराखाली थोडी वरकस, उताराची हलकी जमीन करतो आणि भात कापून झाला की कामाला बाहेर जातो. बरोबर त्याची मुलगी होती. आश्रमशाळेत राहून बारावी झालेली, फारसं न बोलणारी, कागद प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी करून आणलेले. नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. फक्त जमातीचा दाखला हवा होता, आणि तो मुदतीत दिला नाही तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. मी अर्ज भरला, वंशावळ चढवली, पुराव्याला दोघा भावांचे शाळेचे दाखले जोडले. अर्ज परत आला. शेरा असा होता: वडील व चुलते यांची जन्मतारीख एकच असल्याने जुळे असल्याचा पुरावा जोडावा.

मी वाचून दाखवलं तेव्हा तो खो खो हसला. "आमी जुलं कदी झालू? तो माज्यापरीस येवडा मोटा, मना खांद्यावर घेऊन फिरं!" मोठा भाऊ आता नाही, मागेच वारला. रेशनकार्डावर दोघांच्या वयात चांगलं अंतर आहे, शाळेच्या दाखल्यावर अजिबात नाही, आणि कॉम्प्युटर म्हणतो यातलं एक काहीतरी खोटं. मी पुन्हा अर्ज केला, पुन्हा तोच शेरा. शेवटी पालघरला कचेरीत जाऊन बसलो. तिथल्या कारकून बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "मुलीच्या वडिलांचं शपथपत्र जोडा. कारणं दोनच आहेत बघा. पालकांनी चुकीची माहिती दिली, नाहीतर शिक्षकांनी चुकीची नोंद केली."

"मॅडम, अंदाजे नोंद केली असं नाही का चालणार?"

"अंदाजे असं पडद्यावर येतच नाही हो. मला काय कळत नाही का? माझ्या वडिलांचीही एक जूनच आहे."

परत येऊन मी त्याला समजावलं. एका वाक्याचं काम आहे, सही कर, पोरगी मोकळी होईल. त्यानं वाक्य विचारलं. मी सांगितलं. तो बाकड्यावरून उठलाच.

"मी तसां नाय लिवून देणार. गुरुजी चुकला असा मी बोलूं?"

"अरे, पण चूकच आहे ना ती!"

"तुजा बाप होता तो. तुला येवडां पण नाय कललां? माजी मान वाकवली नसती तर मी भट्टीवर गेलो असतो. माजी पोर आज बारावी झाली असती का?" मग त्यानंच तोड काढली, "माज्या बापाचां नाव घाल. तो लबाड बोलला असा लिव. तो काय रागवाचा नाय."

मी डोक्याला हात लावला. त्याचा बाप शाळेत आलाच नव्हता, पालक म्हणून सही तुमची होती, ते कारण टिकणार कसं? तो म्हणत होता माझ्या बापावर घाल, आणि मी ओरडून सांगत होतो, नाही, माझ्या बापावर घाल! बाकड्यावरची माणसं आमच्याकडे बघायला लागली. मी चिडून म्हटलं, "त्यांनी माझीसुद्धा तारीख खोटी लिहिलीय, माझी, त्यांच्या सख्ख्या पोराची!" तो शांतपणे म्हणाला, "मग तू दे ना लिवून पैला."

मुलगी बाकड्यावरून उठली. तिनं काउंटरवरचे कागद गोळा केले, गुणपत्रिका वर ठेवली आणि सगळं पिशवीत घालायला लागली. "राहू दे बाबा," ती म्हणाली. "मी कंपनीत लागते. आमच्या वर्गातल्या दोघी लागल्यात पॅकिंगला. सकाळची बस पाड्यापर्यंत येते." तिच्या बोलण्यात राग नव्हता, रडणं नव्हतं, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. तो तिच्या हातांकडे बघत राहिला. पिशवीची गाठ मारून झाली तेव्हा त्यानं पिशवी तिच्या हातातून घेतली, गाठ स्वतः सोडली आणि मला म्हणाला, "काड कागद."

मी टाइप केलं. प्रिंट काढून त्याच्यापुढे ठेवली. त्यानं खिशातून पेन काढलं, वाकून सही केली. ती सही मी बघत राहिलो. पहिल्या अक्षराची उंच मात्रा, शेवटच्या अक्षराचा खाली ओढलेला काना, सगळं वळण तुमचं. पाटीवर बोट धरून तुम्हीच गिरवून घेतलेलं. पेन खिशाला लावून तो म्हणाला, "तू गुरुजीला सांग. मी माज्या मनानं नाय बोललो, पोरीसाठी बोललो. माज्यावर रागवू नको म्हणावं." जसं तुम्ही घरी आहात आणि मी संध्याकाळी जाऊन निरोप देणार आहे. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

दाखला आला. मुलगी वसतिगृहात गेली. पांढऱ्या गणवेशातला तिचा फोटो त्यानं मला फोनवर पाठवला, आणि त्या दिवशी मला खरंच भरून आलं, आप्पा. इथंच संपलं असतं तर मी तुम्हाला लिहायला बसलो नसतो. पण त्या शपथपत्रानंतर वरून फर्मान निघालं की ज्या शिक्षकाच्या नोंदी चुकीच्या असल्याचं शपथेवर आलंय, त्याच्या हातच्या सगळ्या नोंदी तपासाव्यात. आता तुमच्या शाळेतल्या कुणाचाही अर्ज गेला की लाल शेरा घेऊन परत येतो, जुळ्यांचा प्रश्न असो वा नसो. ज्या अर्जांना काल काही अडचण नव्हती तेही थांबलेत. एका पोरीला सोडवलं आणि सगळा पाडा अडकवला. कारकून बाईंना भेटलो, त्यांच्या साहेबांना भेटलो. सगळे म्हणतात, आमच्या हातात नाही, प्रत्येकाचं वेगळं शपथपत्र जोडा.

म्हणून आता रोज कुणीतरी येतं. कुणी तुमच्या हातचा मार खाल्लेला, कुणी तुमच्या घरी जेवलेला. कुणी भांडतो, कुणी गप सही करतो, आणि एका बाईनं सही करण्याआधी डोक्यावर पदर घेतला, तुम्ही समोर बसला असल्यासारखा. कुणीही मला दोष देत नाही, तेच जड जातं. मी तो मजकूर कॉम्प्युटरमध्ये तयार ठेवलाय. आलेल्याचं नाव आणि गाव तेवढं भरायचं, बाकी सगळ्यांना तेच. लोक म्हणतात, तुझं काम आता झटपट होतं. मी मान डोलावतो.

त्याचा निरोप मी दिला. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो. त्या दिवशी 'शिक्षकांनी चुकीची नोंद केली' हे वाक्य पहिल्यांदा टाइप केलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. चांगलंच बरं वाटलं होतं, आप्पा. आणि मजकूर तयार ठेवलाय तो वेळ वाचावा म्हणून नाही. ते वाक्य पुन्हा माझ्या बोटांनी लिहावं लागू नये म्हणून.